पोपट पाळावा, पण कोणता?

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. गाई-बैल, शेळ्या बघायला माणूस लांबून येतो आणि परत जाताना पोरांसाठी काही ना काही पिशवीत टाकतो. गोडीशेव झाली, फुगा झाला, इथवर ठीक. पण हल्ली आमच्याकडे दोघा-तिघा सभासदांनी एकच विचारणा केली : "पोरगं पोपटासाठी हटून बसलंय. पिल्लू कुठं मिळंल? आन् ते लवकर बोलावं म्हणून काय करावं?" विचारणारे आपलेच, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो. आधी थोडे कडू, मग गोड.

कडू हे, की आपल्या बांधावरचा हिरवा राघू घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापारही बंद आहे. राघू पकडणे, विकणे, विकत घेणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असून त्याला कैद व दंड आहे. कोणी टोपलीत झाकून पिल्लू दाखवले, तर "स्वस्तात मिळतंय" म्हणून भुलू नये.

"आमच्या आजोबांच्या काळापासून ओसरीवर पिंजरा आहे," असे काही जण म्हणतील. खरे आहे. आमच्याही ओसरीवर होता. जुन्या चिंचेच्या ढोलीतून काढलेले पिल्लू. अंगावर पिसेही नीट फुटली नव्हती. आम्ही त्याला चहात बुडवलेली भाकरी चारली, "विठ्ठल विठ्ठल" म्हणायला शिकवले, आणि उडून जाऊ नये म्हणून त्याचे पंख कातरले. एके दुपारी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले. राघू बाहेर आला, उडायला गेला आणि अंगणात आपटला. मांजर टपलेलेच होते. त्या दिवशी आम्ही मांजराला शिव्या दिल्या. पण कात्री आमच्याच हातात होती, हे समजायला पुढे बरीच वर्षे गेली.

राघू घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. आपल्याकडे ऊसतोड जोरात असते, साधारण त्याच दिवसांत त्याची वीण चालते. पिल्लू ढोलीबाहेर पडायला सहा-सात आठवडे लागतात. त्याआधी काढलेले पिल्लू बहुतेक वेळा जगत नाही. झाड पडून पिल्ले उघड्यावर आलीच, तर ती उबदार खोक्यात ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दूध पाजू नये.

आता गोड भाग. पोराची हौस भागवता येते. बाजारात आपण ज्यांना सरसकट "लव्हबर्ड" म्हणतो, ते छोटे रंगीत पक्षी बहुधा बजरीगर असतात. मूळ ऑस्ट्रेलियाचे. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने ते जिवंत इंग्लंडात नेले आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्यांच्या पिढ्या वाढल्या. जातीने हाही पोपटच. तुरेवाला कॉकटेलही तिकडचाच. हे दोन्ही पाळायला आपल्या कायद्याची आडकाठी नाही.

निवड करताना कोवळे पिल्लू घ्यावे. बजरीगराच्या पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी त्या मागे सरतात. माणसाळायला हे वय उत्तम. पिसे फुगवून एका कोपऱ्यात पेंगणारे पिल्लू घेऊ नये.

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असावा, पंख पसरता आले पाहिजेत. तो भिंतीला लागून, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगावा. चुलीजवळ नको. धूर पक्ष्याला सोसत नाही, आणि नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी तडकाफडकी मरतो. आणखी एक आपल्या धंद्यातली गोष्ट : उसावर फवारणी करून आलेल्या कपड्यांनी पिंजऱ्याजवळ जाऊ नये, आणि फवारलेल्या शेतातला पाला त्याला घालू नये.

पहिले तीन-चार दिवस त्याला काही शिकवू नये. नवी सून घरात आली की पहिल्याच दिवशी तिला कोणी कामाला जुंपत नाही, तसेच हे. दाणा-पाणी द्यावे, जवळ बसून हळू आवाजात बोलावे, रात्री पातळ फडके टाकून दहा-बारा तास झोपू द्यावे. दाण्यात राळा आणि बाजरी, जोडीला पालक, मेथी, पेरूची फोड. पाणी रोज बदलावे. चहा, मीठ, तळलेले आणि चॉकलेट वर्ज्य. चोच घासायला समुद्रफेस टांगावा.

तो तुमच्यासमोर निवांत खाऊ लागला, की हात आत घालून स्थिर ठेवावा. हातात राळ्याचे कणीस असावे. एक-दोन दिवस तो येणार नाही, येऊ नये म्हणून रागावू नये. हातावरचे खाऊ लागला, की बोट पायांच्या वर, पोटाला हलकेच टेकवावे आणि "ये" म्हणावे. तो बोटावर चढतो. चढला की दाणा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे पुरेत. चावला तर हात झटकू नये, ओरडूही नये. मुठीत तर कधीच धरू नये. एकदा धरले की महिन्याची मेहनत वाया.

बोलणे शिकवायचे तर एकच शब्द, एकाच माणसाने, रोज सकाळी म्हणावा. नर बहुधा लवकर बोलतो. जोडी ठेवली तर ते आपापसात रमतात, माणसाकडे कमी वळतात. काही पक्षी कधीच बोलत नाहीत. त्याचा दोष पक्ष्याला देऊ नये.

खोलीत मोकळा सोडताना छताचा पंखा बंद, दार-खिडकी बंद, मांजर बाहेर. पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. पक्ष्यापासून माणसाला ताप-खोकल्याचा आजार होऊ शकतो. पक्षी मलूल दिसला तर जनावरांच्या डॉक्टरांना वेळीच दाखवावा.

आणि राघूचे काय? तो ज्वारीची कणसे फोडतो, पेरू-डाळिंब नासवतो, त्याची राखण करावीच लागते. पण बांधावरचे एखादे जुने चिंचेचे किंवा लिंबाचे झाड, ढोली आहे म्हणून, तोडायचे राहू द्यावे. पोराला संध्याकाळी तिथे न्यावे आणि थवा उतरताना दाखवावा. आमच्या लहानपणी तसे कोणी दाखवले असते, तर ती कात्री आम्ही हातात घेतली नसती.