भांड्यावरचें नांव आणि आज्ञावलींतली खूण

मोठ्या घरांत लग्न किंवा मुंज उरकली आणि पाहुणे पांगले, कीं मागील पडवींत एक निराळाच समारंभ होतो, तो भांड्यांच्या वांटणीचा. आपलीं, शेजारच्यांचीं, आत्याबाईंच्या सासरचीं अशीं सगळीं पातेलीं, ताटें, तांबे एकत्र झालेले असतात. आणि एकाच घाटाचीं चार तपेलीं पुढें आलीं म्हणजे घरांतील वडील बाई चष्मा सांवरून कांठावरचें नांव वाचूं लागते. नांव निघालें कीं तंटा मिटला. आमच्या मातोश्रींच्या लग्नांतील एका परातीवर अद्याप त्यांच्या वडिलांचें नांव आहे. अक्षरें झिजलीं आहेत, पण बोटाला लागतात. मात्र हीच परात एखाद्या चोराच्या हातीं पडती, तर कानशीनें तें नांव घांसून काढावयास त्याला कितीसा वेळ लागता?

हा प्रश्न आमच्या मनांत आला तो परातीमुळें नव्हे, तर आमच्या पुतण्यामुळें. धाकट्या बंधूंचा हा मुलगा संगणकाच्या आज्ञावली लिहून पोट भरतो. सहकारी गृहसंस्थांचे हिशेब ठेवण्याची एक आज्ञावली त्यानें दोन वर्षें रात्री जागून तयार केली आणि पांचपन्नास संस्थांना विकली. गेल्या वर्षीं तो एका स्नेह्यांच्या संस्थेंत कांहीं कामानिमित्त गेला असतां तेथील कारकुनानें पावती छापून त्याच्या हातीं दिली. वर नांव दुसऱ्याच कोणाचें होतें, रंग निराळा होता. पण 'थकबाकी' हा शब्द 'थकबकी' असा छापला होता. ही चूक त्याची स्वतःची, पहिल्या प्रतींतली, आणि पुढें त्यानेंच सुधारलेली! घरीं येऊन तो जेवला नाहीं. वकिलांकडे गेला, तेव्हां त्यांनीं शांतपणें विचारलें, "अशी चूक दुसरा कोणी करणार नाहीं, हें कशावरून? आणि उद्यां तो गृहस्थ म्हणाला, कीं तुम्हींच त्याची नक्कल केली, तर?" जुन्या प्रती ज्या यंत्रावर होत्या तें केव्हांच मोडींत गेलें होतें. प्रकरण तेथेंच थांबलें.

परात चोरीस गेली तर मांडणीवरची जागा रिकामी दिसते. आज्ञावलीचें तसें नाहीं. ती चोरली तरी मूळ वस्तु जागच्या जागीं असते, आणि धन्याला चोरीचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून या धंद्यांतील लोकांना दोन गोष्टी साधाव्या लागतात: चोरी झाली हें ओळखणें, आणि ओळखलेलें दुसऱ्याला पटवून देणें. पुतण्याला पहिली साधली, दुसरी साधली नाहीं.

ज्यांना दुसरीही साधली त्यांचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें १९८२ मध्यें फ्रँकलिन नांवाच्या कंपनीवर फिर्याद केली. फ्रँकलिनचा 'एस १००' हा संगणक ॲपलच्या दुसऱ्या संगणकासारखाच चालत असे, आणि त्याबरोबर येणाऱ्या तबकडीवरील आज्ञावली ॲपलच्या आज्ञावलींशीं जुळत होत्या. ॲपलकडील आज्ञावलीकार जेम्स ह्यूस्टन यानें त्या तपासल्या, तों एकींत त्याला स्वतःचेंच नांव आढळलें! आपल्या आज्ञावलींत त्यानें तें पूर्वींच पेरून ठेवलें होतें. दुसरींत 'ॲपलसॉफ्ट' हा शब्द तसाच राहिला होता. चोरानें परात उचलली, पण कांठ पाहिला नाहीं, असाच हा प्रकार. पुढें फ्रँकलिननें नक्कल नाकारलीही नाहीं. त्यांचें म्हणणें असें पडलें, कीं केवळ यंत्रासच वाचतां येणाऱ्या मजकुराला ग्रंथस्वामित्वाचा कायदा लागूच पडत नाहीं. खालच्या न्यायालयानें ॲपलला मनाईहुकूम दिला नाहीं. अपील न्यायालयानें ३० ऑगस्ट १९८३ रोजीं तो निर्णय फिरवला आणि यंत्राच्या भाषेंतील आज्ञावलीही स्वामित्वास पात्र ठरवली. सारांश, नांवानें चोरी उघडी पडली खरी, परंतु न्याय मिळण्यास कायद्याचा अर्थ लागावा लागला.

त्याच सुमारास ॲपलमध्यें मॅकिंटॉश संगणकाची जुळणी चालली होती. स्टीव्ह जॉब्झ यांनीं फर्माविलें, कीं यंत्राच्या कायम स्मृतींत एक गुप्त चित्र ठेवावें. सुझन केअर या चित्रकर्तीनें तुरुंगाच्या गजांसह 'ॲपलकडून चोरलेलें' अशा अर्थाचें एक चिमुकलें चित्र काढलें. कोणी हुबेहूब नक्कल केलीच, तर न्यायाधीशासमोर त्याच्याच यंत्राच्या ठराविक कळा दाबावयाच्या, कीं पडद्यावर तें चित्र उमटावें, असा बेत होता. तसा खटला कधीं उभा राहिला नाहीं. जॉब्झ यांना मनांतून थोडें वाईटच वाटलें असावें, असें आम्हांस वाटतें.

मायक्रोसॉफ्टचीही अशीच एक गोष्ट आहे. कमोडोर कंपनीच्या जुन्या संगणकांत मायक्रोसॉफ्टनें लिहिलेली बेसिक भाषा असे, आणि तींत एक विशिष्ट आज्ञा दिली कीं 'मायक्रोसॉफ्ट!' हीं अक्षरें पडद्यावर येत. तीं लपविलीं होतीं कोठें? 'साइन' या त्रिकोणमितीय फलाच्या गणितास लागणाऱ्या अंकांच्या शेजारीं, आणि तींही उलट्या क्रमानें. पाहणाराला वाटावें, कीं हेही गणिताचेच अंक! पुतण्यानें ही हकीकत सांगितली तेव्हां आमच्या तोंडून 'वाहवा' निघाली.

पण हीं सारीं अखेर कांठावरचींच नांवें. ज्याला ठिकाण कळलें त्याला घांसतां येतात. याहून पक्की खूण कोणती, हें कागद करणारांनीं फार पूर्वीं शोधून ठेवलें आहे. इटलींतील फाब्रियानो गांवीं तेराव्या शतकाच्या अखेरीस कागदाच्या चाळणीवर तारेची आकृति बसवूं लागले. लगदा त्या जागीं पातळ बसे, आणि कागद उजेडासमोर धरला म्हणजे आकृति दिसे. तेंच जलचिन्ह. आपल्या नोटेंतील गांधीजींची छबी पाहतांना आपणही तेंच करतों. ही खूण कागदावर नसून कागदांत असते, म्हणून ती खरवडली तर कागद फाटतो. ध्वनींतही हें साधतें. म्युझॅक या संगीत पुरविणाऱ्या कंपनीच्या एमिल हेंब्रुक यांनीं १९५४ मध्यें अशा युक्तीच्या पेटंटसाठीं अर्ज केला होता. गाण्यांतील स्वरांची एक अरुंद पट्टी क्षणोक्षणीं गाळावयाची, आणि त्या गाळण्यांतून मोर्सच्या लिपींत ओळख लिहावयाची. ऐकणाराच्या कानाला कांहींच कळत नाहीं.

मग आज्ञावलीचा लगदा तो कोणता? पहिलें उत्तर क्रमाचें. स्वयंपाकांत फोडणीआधीं तेल तापलेंच पाहिजे. पण कोशिंबीर आधीं करावी कीं चटणी आधीं वाटावी, हें करणाराच्या मर्जीवर असतें. आज्ञावलींतही असे पुष्कळ तुकडे असतात, कीं ते कोणत्याही क्रमानें मांडले तरी फलांत फरक पडत नाहीं. पांच तुकडे १२० प्रकारांनीं मांडतां येतात, दहा तुकडे ३६,२८,८०० प्रकारांनीं. तेव्हां प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रतींत क्रम निराळा ठेवला, कीं प्रत कोणाची हें क्रमावरूनच वाचतां येतें. मायक्रोसॉफ्टचे रॉबर्ट डेव्हिडसन व नेथन मिरव्होल्ड यांना या कल्पनेचें पेटंट १९९६ मध्यें मिळालें. कल्पना सुरेख खरी, पण चोरालाही तुकडे पुन्हां पिसतां येतात, आणि त्याला त्याचा कांहीं खर्च पडत नाहीं.

यावर क्रिश्चन कोलबर्ग व क्लार्क थॉम्बोर्सन या दोघां संशोधकांनीं १९९९ मध्यें जी युक्ति मांडली ती आम्हांस समजावयास दोन संध्याकाळ लागल्या. त्यांनीं खूण आज्ञावलीच्या मजकुरांत ठेवलीच नाहीं. ती चालतांना जें करते त्यांत ठेवली. धन्यालाच ठाऊक असलेली आंकड्यांची किंवा कळांची एक माळ दिली, म्हणजे आज्ञावली आपल्या स्मृतींत कांहीं बिंदु मांडते आणि ते एकमेकांना जोडीत जाते. जणूं ठिपक्यांची रांगोळी. कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडला यावरून एक संख्या वाचतां येते. एरवीं ही रांगोळी कधींच पडत नाहीं, म्हणून चोराला दिसत नाहीं. संख्याही साधी नसते, ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. ४४५३ हे ६१ आणि ७३ यांचे गुणाकारानें येतात हें आपण कागदावर काढूं. पण शेंकडों आंकड्यांची संख्या असेल तर तिचे अवयव काढणें भल्याभल्या यंत्रांना साधत नाहीं. ज्यानें ते अवयव सांगितले त्यानें ती संख्या स्वतः घडविली होती, हें मग मानावेंच लागतें.

एवढ्यानें भागलें असें मात्र नाहीं. चोरानें मूळ खूण काढलीच नाहीं, उलट शेजारीं आपलीही एक घातली, तर? या अडचणीची जात मराठी वाचकाला नवी नाहीं. 'तुका म्हणे' ही नाममुद्रा अभंगाच्या शेवटीं कोणालाही घालतां येते, आणि म्हणूनच गाथेंत खरे अभंग कोणते व मागाहून घुसलेले कोणते याचा वाद विद्वानांना घालावा लागतो. आज्ञावलीच्या बाबतींत एक वाट आहे. खऱ्या धन्यापाशीं चोराची खूण नसलेली प्रत असते. चोरापाशीं धन्याची खूण नसलेली प्रत नसते. मात्र त्यासाठीं धन्यानें आपली जुनी प्रत, तारखेसह, तिऱ्हाइताकडे जपून ठेवलेली असली पाहिजे. पुतण्याचें नेमकें तेथेंच अडलें. शिवाय दोन गिऱ्हाइकांनीं आपापल्या प्रती शेजारीं ठेवून पाहिल्या, तर कोठें फरक आहे तें त्यांना कळतें आणि खूण उघडी पडते. गणिती मंडळींनीं तर २००१ मध्यें असेंही दाखविलें, कीं आज्ञावलीची विशिष्ट प्रकारची गुंतागुंत करण्याची विद्या जर अस्तित्वांत असेल, तर जिनें फलांत तिळमात्र फरक पडत नाहीं अशी अमिट खूण असूंच शकत नाहीं.

आम्हांस याहून निराळीच एक काळजी वाटते. प्रत्येक प्रतींत घेणाराची ओळख असली, तर खूण घेणाराकडे बोट दाखविते, चोराकडे नव्हे. ऑस्कर पारितोषिकें देणाऱ्या अमेरिकन संस्थेनें २००४ मध्यें आपल्या एका सदस्याला काढून टाकलें. त्याला पाहण्यासाठीं पाठविलेल्या चित्रपटांच्या प्रती बाहेर फुटल्या होत्या, आणि प्रतींवरील गुप्त खुणांनीं त्याचेंच नांव सांगितलें. प्रत्यक्ष नकला केल्या होत्या त्याच्या ओळखीच्या एका इसमानें. नियमभंग सदस्यानें केला होता, यांत शंका नाहीं. पण आमच्यासारख्या घरांत काय घडेल? संगणक घ्यावयाचा वडिलांच्या नांवानें, वापरावयाचा दहा जणांनीं, आणि प्रत नेणार धाकट्याच्या वर्गांतला कोणी सोबती! खूण वाचणाराला वडीलच दिसणार.

आपल्याकडील कायदाही येथें सांगितला पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वाच्या कायद्यांत १९९४ मध्यें दुरुस्ती होऊन, चोरटी आज्ञावली जाणूनबुजून संगणकावर वापरणाराला कमींत कमी सात दिवसांची आणि जास्तींत जास्त तीन वर्षांची कैद, शिवाय पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठरली. लाभासाठीं वा व्यापारासाठीं वापर नसेल, तर न्यायालयाला कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवितां येतें. हें कलम आम्हीं वाचलें त्या दिवशीं पुतण्या समोरच बसला होता. त्यानें सहज विचारलें, "काका, तुम्ही ज्यावर हे लेख लिहितां, तें मराठी टंकलेखनाचें साधन आपण विकत घेतलें होतें कां?" आम्हीं आठवूं लागलों. एका मित्रानें सात वर्षांपूर्वीं तें आम्हांस तबकडीवर उतरवून दिलें होतें. आम्हीं त्याचे आभारही मानले होते. पैसे कोणीच, कोणालाच दिले नव्हते. प्रस्तुत लेख तयार होण्यापूर्वीं आम्हीं त्या साधनाचा दाम भरला.

पुतण्यानें आपल्या नव्या आवृत्तींत खूण घातली आहे, आणि जुन्या प्रती एका वकिलाच्या तिजोरींत मोहरबंद ठेविल्या आहेत. खूण कोठें आहे हें त्यानें घरांत कोणासही सांगितलेलें नाहीं. त्याच्या आईनें परवां वाढतां वाढतां विचारलें, "अरे, भांड्यावर नांव घालतात तें दिसावें म्हणून, आणि तूं घातलेंस तें कोणाला दिसूंच नये म्हणून?" तो हंसला आणि त्यानें भाताची मूद पुढें ओढली.