आपल्या रक्ताची माहिती कोण सांभाळते?



इस्पितळात गेल्यावर कधी कधी नर्स विचारते, "संशोधनासाठी थोडे रक्त द्याल का?" समोर हिब्रूत लिहिलेला चार पानी कागद येतो. आपल्यातील कोणी मुलाला विचारून सही करतात, कोणी भीतीने नको म्हणतात. पण दिलेल्या रक्ताचे पुढे काय होते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. ते आज सोप्या शब्दांत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बाटलीतून संगणकात

रक्ताच्या पेशींतून डी.एन.ए. काढतात. माणसाचा डी.एन.ए. म्हणजे सुमारे 300 कोटी अक्षरांचा मजकूर, आणि तोही फक्त चार अक्षरांत लिहिलेला. पुष्कळदा तो सगळा न वाचता निवडक काही लाख जागाच वाचतात. बाटलीवर आपले नाव नसते, एक क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळी कुलूपबंद ठेवतात.

आता एवढा मजकूर सांभाळायचा कोणी? डॉक्टरांना आजार कळतो, पण हा हिशेब ठेवणे वेगळे काम आहे. त्या शास्त्राला बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणतात. प्रत्येक प्रयोगशाळेला त्याचे जाणकार आणि मोठे संगणक परवडत नाहीत. म्हणून विद्यापीठे आणि इस्पितळे सर्वांसाठी मिळून एकच विभाग चालवतात.

आपल्या शनवार तेली पूर्वजांच्या गावी काय होते? घाणा एक, आणि गावातले लोक आपापले तीळ, खोबरे घेऊन तिथे येत. हा विभागही तसाच. संशोधक आपली माहिती आणतात, विभाग ती साफ करतो, तपासतो, तिच्या प्रती सुरक्षित ठेवतो आणि गणित करून देतो.

आधी खडे निवडायचे

घाण्यात तीळ टाकण्यापूर्वी खडे निवडावे लागत. इथेही निम्मे काम निवडण्याचेच आहे.

कागदावर "स्त्री" लिहिले आहे, पण डी.एन.ए. पुरुषाचा दिसतो, म्हणजे बहुधा कुठेतरी बाटल्यांची अदलाबदल झाली. दोन नमुने जवळच्या नातेवाईकांचे निघाले तर बहुधा एकच ठेवतात, नाहीतर एकाच घराचे वजन वाढते. (आपल्या समाजात कोण कोणाचा नातेवाईक नाही, हा प्रश्नच आहे!) शिवाय डी.एन.ए.मधील जागांचे क्रमांक मधूनमधून बदलतात, जसे नगरपालिका रस्त्यावरील घरांना नवे नंबर देते. एका प्रयोगशाळेची माहिती जुन्या नंबरांत आणि दुसरीची नव्या नंबरांत असेल, तर जुळणी होईपर्यंत दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत.

अठरा माणसे

याचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. 2016 साली कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांतील संशोधकांनी बेने इस्राएल समाजाचा अभ्यास 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात आपल्या समाजाचे नमुने किती होते? फक्त 18. नुसत्या अठरा माणसांवरून फारसे काही सांगता आले नसते. पण इतर यहुदी, भारतीय आणि पाकिस्तानी अशा 41 समाजांतील 486 लोकांच्या माहितीशी त्यांची तुलना केली. निरनिराळ्या अभ्यासांत जमवलेली माहिती जपून ठेवली होती आणि एकमेकींशी जुळवता आली, म्हणून हे शक्य झाले.

निष्कर्ष असा निघाला की आपल्यात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे आहेत, आणि त्यांची सरमिसळ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाली. हा काळ सरमिसळीचा आहे. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ कधी फुटले, याची तारीख त्यातून निघत नाही.

अठरांत एका बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली असती, तर अठरावा हिस्सा चुकला असता. मोठ्या समाजांच्या हजारो नमुन्यांत अशी चूक बुडून जाते. आपल्यासारख्या लहान समाजात ती बुडत नाही.

चिठ्ठीवर काय लिहिले?

कागदावर फक्त "होदी" लिहिले, तर बेने इस्राएल, कोचीनी आणि बगदादी एकाच खान्यात पडतात. या तिघांचे पूर्वज वेगळ्या वाटांनी आले. एखादा आनुवंशिक आजार एका समाजात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर अशा खान्यातून तो दिसणारच नाही, आणि नातवंडांसाठी योग्य ती तपासणी सुचवणेही अवघड होईल.

काही वाचकांच्या मनात आणखी एक शंका असेल. 1962 साली रब्बीनातने आपल्या वंशाची चौकशी करण्याचे ठरवले. त्याविरुद्ध आपले लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले, आणि 1964 साली तो प्रश्न मिटला. आता रक्तावरून पुन्हा तीच चौकशी होईल का? आमचे सांगणे असे की यहुदीपण डी.एन.ए.वर ठरत नाही, आणि ते सिद्ध करण्यासाठी कोणी रक्त देऊ नये. द्यायचे तर आरोग्यासाठी आणि ज्ञानासाठी द्यावे.

सही करण्यापूर्वी

इस्राएलमध्ये माणसांवरील संशोधनाला हेल्सिंकी समितीची परवानगी लागते. 2000 सालच्या जनुकीय माहिती कायद्यानुसार आपली संमती लागते, आणि नोकरी देणारा ही माहिती मागू शकत नाही. आता एक लाख लोकांची माहिती जमवण्याचे उद्दिष्ट ठेवून 'प्सीफास' हा राष्ट्रीय प्रकल्पही चालू आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्यातील पुष्कळांसमोर येऊ शकतो. त्या वेळी चार गोष्टी विचाराव्यात :

1. कागदावर माझा समाज कोणत्या नावाने लिहिणार? "बेने इस्राएल" असे स्पष्ट लिहावे. आईवडील वेगळ्या समाजांतले असतील तर दोन्ही नावे सांगावीत.
2. माझे नाव आणि क्रमांक यांची यादी कोणाच्या ताब्यात राहील?
3. ही माहिती दुसऱ्या संशोधनाला देणार का, आणि देण्यापूर्वी मला विचारणार का?
4. आजाराचा धोका आढळला तर मला कळवणार का? पुढे माघार घ्यायची झाल्यास कशी घ्यायची? (छापून आलेल्या अभ्यासातून आपला भाग मात्र परत काढता येत नाही.)

हिब्रू वाचायला जड जात असेल तर कागद घरी न्या, मुलांना किंवा नातवंडांना वाचायला लावा आणि मग ठरवा. नको म्हणण्याचा हक्क आपल्याला आहेच. हो म्हणणार असाल, तर चिठ्ठीवरचे नाव बरोबर लिहिले आहे ना, एवढे जरूर पाहून घ्या.