कोगनोळीच्या अलीकडे की पलीकडे?

कोल्हापूरकडून येणारा महामार्ग कागल ओलांडून कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरतो. रस्ता तोच, दोन्हीकडची बोलीही बरीचशी तीच. बदलतात ते विजेचे दर, डिझेलचा भाव आणि सरकारचं उद्योग धोरण. 2013 च्या सुमारास वीजदरवाढीला वैतागलेल्या कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला. पलीकडूनही सीमेलगत जागा देण्याची तयारी दाखवली गेली. शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रींच्या बहुतेक भट्ट्या मात्र आहे तिथंच राहिल्या.

एक टन लोखंड वितळवायलाच पाचशेहून अधिक युनिट वीज लागते. युनिटमागे रुपया वाचला तर टनाला पाचशे रुपये सुटतात, मोह पडणारच. पण फौंड्रीला पॅटर्न करणारा, वाळू पुरवणारा, मशीनिंगचं जॉबवर्क करणारा हाकेच्या अंतरावर लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत ही साखळी आहे. तंबाखू आणि विडीवर वाढलेल्या निपाणीत ती उभी करावी लागेल, आणि ती काही एका शासन निर्णयानं उभी राहत नाही.

म्हणूनच सवलतीचा खरा उपयोग कारखाना उचलून आणण्यापेक्षा वाढीव किंवा नव्या कारखान्याची जागा ठरवताना होतो. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासूनची. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त, हे तिचं सूत्र. पूर्वी राज्यं विक्रीकर माफ करत किंवा तो पुढं ढकलू देत. त्यातली चढाओढ एवढी वाढली, की 2000 सालापासून अशा नव्या सवलती द्यायच्या नाहीत असं सगळ्या राज्यांनी मिळून ठरवलं. चढाओढ थांबली नाही; वेगळ्या नावांनी चालू राहिली.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि सीमाभागाचं गणित उलटंपालटं झालं. हा कर माल जिथं खपतो त्या राज्याला मिळतो. 18 टक्के कर असलेलं कास्टिंग कोल्हापुरातून पुण्याला गेलं, तर 9 टक्के महाराष्ट्राचे, 9 केंद्राचे. तेच कास्टिंग निपाणीतून पुण्याला गेलं, तर राज्याचा वाटा शेवटी महाराष्ट्राकडंच जातो. कर्नाटकाच्या हाती काही लागत नाही. मग ‘राज्याला मिळालेला कर परत देऊ’ या आश्वासनाचा निपाणीच्या कारखानदाराला उपयोग काय? त्याचं गिऱ्हाईक तर पुणे-चाकणला! कर्नाटकानं 2020-25 च्या धोरणात कराऐवजी उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनी अनुदान द्यायची पद्धत आणली आणि लघुउद्योगांना भांडवली अनुदान दिलं. सीमेवरच्या उद्योगाला हे अधिक सोयीचं. फेब्रुवारी 2025 मधल्या नव्या धोरणात भांडवली अनुदान किंवा उत्पादनाशी जोडलेलं अनुदान, यांतून निवड करता येते.

या पट्ट्यातलं ठळक उदाहरण हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीचं. एकस कंपनीचं 250 एकरांचं विशेष आर्थिक क्षेत्र महामार्गालगत आहे आणि तिथं विमानांचे सुटे भाग तयार होतात. अशा क्षेत्रातल्या कारखान्यांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी आयकर सूट होती. म्हणजे त्यातली मोठी सवलत केंद्राची. आणि केंद्रानंच 2011 मध्ये अशा कारखान्यांवर किमान पर्यायी कर लावून तिची धार कमी केली.

अनुदानाला अटही असते. 2020-25 च्या धोरणानुसार एकूण 70 टक्के आणि ‘ड’ गटातल्या सगळ्या नोकऱ्या कन्नडिगांना द्यायच्या होत्या. कन्नडिग कोण, हे ठरवताना राज्यातल्या वास्तव्याबरोबर कन्नड येण्याचा निकष लावला, तर सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकलेल्या पोराची अडचण होते. कारखाना दारात आला म्हणून नोकरी घरात येईलच असं नाही.

राज्यांमधली अशी चढाओढ अमेरिकेतही झाली. तिथं कॅन्सस आणि मिसुरी ही राज्यं कॅन्सस सिटी या एकाच महानगरातल्या कंपन्या करसवलती देऊन रस्त्यापलीकडं ओढत होती. नव्या नोकऱ्या फारशा नाहीत, तिजोरी मात्र दोघांची रिकामी. 2019 मध्ये दोघांनी हा खेळ थांबवायचं ठरवलं. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात असा समझोता व्हायला हवा, पण दोन्ही राज्यांमधला सीमावाद न्यायालयात असताना तो कोण करणार?

तोवर नवी शेड टाकणाऱ्यानं एवढं करावं: जागा घेण्याआधी आपला तालुका कोणत्या वर्गात मोडतो हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारावं, माल कोणत्या राज्यात विकणार ते कागदावर मांडावं, आणि अनुदान धरलं नाही तरी धंदा पहिली दोन वर्षं तग धरेल का, हे तपासावं.