शाळेचे माप कसे घ्यावे?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेल्या कामगारांची अनेक मुले महापालिकेच्या मराठी शाळेत जातात. घरी बहुधा अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती! असे मूल धडा वाचताना अडखळले, तर उणेपणा शाळेचा मानावा काय? गुजरातेत २००९ मध्ये ‘गुणोत्सव’ सुरू झाला. अधिकारी, मंत्रीसुद्धा शाळा तपासू लागले. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु एका दिवसाच्या तपासणीने मूल कोठे पोहोचले एवढेच कळते, कोठून निघाले ते नव्हे.

वडोदऱ्याच्या पालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात हे कोडे निराळ्या रीतीने सोडविले गेले. मागे पडलेल्या मुलांना ‘बालसखी’ रोज दोन तास वेगळे शिकवी. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्म्या शाळांत ती तिसरीस मिळाली, उरलेल्यांत चौथीस. पुढील वर्षी उलट. परीक्षा मात्र सर्वांचीच, आरंभी व अखेरीस. त्यामुळे प्रगतीत बालसखीचा वाटा किती, हे निवडता आले. सर्वाधिक लाभ दुबळ्या मुलांस झाला. साहाय्य थांबल्यावर वर्षभरात त्यातील बराच ओसरला, हेही संशोधकांनी दडविले नाही.

सुरतेत असे माप घ्यावयाचे, तर पहिली परीक्षा प्रवेशाच्या आठवड्यातच घ्यावी लागेल, आणि ती घेणाऱ्यास थोडी अहिराणी यावी लागेल.