जुना सीआरओ चुकीचे आकडे दाखवतो तेव्हा

पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ज्याला सगळे सीआरओ म्हणतात, तो ॲनालॉग ऑसिलोस्कोप अनेकदा चालू अवस्थेतच बिघडतो. पडदा उजळतो, हिरवी रेष धावते, फक्त आकडा जुळत नाही. मल्टिमीटर दीड व्होल्ट सांगतो, सीआरओवर त्याचे पावणेदोन होतात. मग स्क्रू-ड्रायव्हर हातात येतो, आतले ट्रिमर फिरू लागतात आणि साधा बिघाड गुंतागुंतीचा होतो.

टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीचा ४६५ हे या पिढीतले नावाजलेले मॉडेल. १९७२ साली आलेला, दोन चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल दाखवणारा आणि हाताने उचलून नेता येणारा. त्याच्या पडद्यावर उभी ८ आणि आडवी १० घरे आहेत. उभ्या घरांवर व्होल्ट मोजायचे, आडव्या घरांवर वेळ. व्होल्टच्या मापात सुमारे ३ टक्क्यांची चूक उत्पादकानेच गृहीत धरली आहे. त्यामुळे केसभर फरक दिसला म्हणून यंत्र उघडण्याचे कारण नाही.

फरक मोठा असेल तर तपास बाहेरून सुरू करावा. यंत्र किमान वीस मिनिटे तापू द्यावे. व्होल्ट आणि वेळ निवडणाऱ्या मोठ्या नॉबजवळचे छोटे ‘व्हेरिएबल’ नॉब ‘कॅल’ खाचेत बसले आहेत ना, ते पाहावे. ते जरा जरी सरकले असतील तर घरांचे माप खोटे ठरते. वेळ दहापट ताणणारे बटण चुकून दाबलेले नाही ना, प्रोब एकपटीवर आहे की दहापटीवर, हेही तपासावे. चौकोनी लहरींचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसत असतील, तर आधी प्रोबवरचा छोटा ट्रिमर जुळवावा.

४६५ मध्ये अशा तपासणीसाठी १ किलोहर्ट्झची ३०० मिलिव्होल्ट चौकोनी लहर मिळते. पण तीही त्याच यंत्रातून येते. काटा दुकानदाराचा आणि वजनेही त्याचीच, असा तो प्रकार होतो.

म्हणून साक्षीदार बाहेरचा हवा. दीड व्होल्टचा सेल चांगल्या मल्टिमीटरने मोजावा आणि डीसीवर, ०.५ व्होल्टच्या टप्प्यावर, सीआरओला जोडावा. रेष सुमारे तीन घरे वर चढायला हवी. वेळेसाठी ६ व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे २ मिलिसेकंदांच्या टप्प्यावर ते दहा घरे भरते. प्रोब थेट घरच्या विजेला मात्र कधीही लावू नये. त्याची ग्राउंड क्लिप यंत्राच्या चेसिसमधून अर्थिंगला जोडलेली असते. वेगवान टप्पे तपासायला १ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर वापरावा. त्याचे आवर्तन बरोबर १ मायक्रोसेकंदाचे असते.

आता चुकांचा नमुना वाचायचा. एकाच चॅनेलचा एकच टप्पा चुकत असेल, तर त्या टप्प्याचा रेझिस्टर, कपॅसिटर किंवा स्विचचा मळलेला संपर्क संशयित. नॉब हलवला की रेष उडते, तिथे तर स्विचच. एकच चॅनेल सगळ्या टप्प्यांवर सारखा चुकत असेल, तर त्याचा ॲम्प्लिफायर पाहावा. वेळेचे काही टप्पेच चुकत असतील, तर त्या टप्प्यांना सामाईक असलेला टायमिंग कपॅसिटर तपासावा.

उभे आणि आडवे दोन्ही एकाच प्रमाणात मोठे दिसू लागले, तर बिघाड बहुधा पिक्चर ट्यूबच्या उच्चदाब पुरवठ्यात असतो. दाब घटला की इलेक्ट्रॉन कमी वेगाने येतात, जास्त वळतात आणि चित्र फुगते. ४६५ च्या ट्यूबला एकूण सुमारे १८,००० व्होल्ट मिळतात. वीज काढल्यावरही हा दाब काही काळ टिकतो, म्हणून उच्चदाबाची सवय नसलेल्याने त्या भागाला हात लावू नये.

सगळेच थोडे थोडे चुकत असेल, तर वीजपुरवठा तपासायचा. ४६५ मध्ये -८, +५, +१५, +५५ आणि +११० व्होल्टच्या वाहिन्या आहेत. प्रत्येकीचा दाब आणि त्यातली लहर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहावी. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. ४६५ मधले टँटलम कपॅसिटर तर शॉर्ट होण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. घसरलेल्या पुरवठ्यावर ट्रिमर जुळवले, तर कपॅसिटर बदलल्यावर ती सगळी मापे पुन्हा चुकतात.

ट्रिमरची पाळी शेवटी येते. पुरवठा, मग ट्यूब, मग उभा भाग, ट्रिगर आणि शेवटी वेळ, अशा क्रमाने मॅन्युअलप्रमाणे जावे. हलवण्यापूर्वी प्रत्येक ट्रिमरच्या मूळ जागेची खूण करावी आणि एका वेळी एकच फिरवावा. पुरवठ्याची मापे कागदावर उतरवल्याशिवाय कोणताही ट्रिमर हलवू नका.