ऐकत नाही, की ऐकू येत नाही?
चार हाका मारल्या तरी पोर ढिम्म, टीव्हीचा आवाज मात्र मोठा. शाळेतून तक्रार: लक्ष नसतं, चिडचिड करतो. रागावण्याआधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचला, की कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येतं. बहुधा दुखत नाही, म्हणून मूल सांगतही नाही.

बहुतेकदा हा द्रव ३ महिन्यांत आपोआप जिरतो. तोवर समोर बसून बोला, वर्गात पुढच्या बाकावर बसवा. त्यानंतरही कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा सल्ला देऊ शकतात. कानात तेल मात्र घालू नका. द्रव पडद्याच्या आत असतो, तेल बाहेरच राहतं.