चीजची टाकी बिघडवणारे विषाणू आणि त्यांना ओळखणारे जिवाणू

दुधाला विरजण लावले की काही तासांत दही लागते. चीजच्या कारखान्यातही सुरुवात अशीच होते. फरक इतकाच, की तिथे एका टाकीत हजारो लिटर दूध असते आणि विरजण म्हणून निवडक जिवाणू सोडलेले असतात. हे जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. पण कधी कधी दूध चांगले असते, तापमान योग्य असते, दुधात प्रतिजैविकांचा अंशही नसतो, तरी आम्लता वाढायची थांबते. अशा वेळी संशय जातो तो जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर, म्हणजेच बॅक्टेरियोफेज किंवा थोडक्यात 'फेज'वर.

फेज माणसाला बाधत नाहीत. मात्र आम्लता वेळेत वाढली नाही, तर दुधात नको त्या जिवाणूंना वाव मिळतो. त्यातला स्टॅफिलोकोकस ऑरियस अन्नविषबाधा घडवू शकतो. त्यामुळे कधी अख्ख्या टाकीवर पाणी सोडावे लागते.

टाकी इतक्या लवकर कशी बिघडते?

फेज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए त्याच्या आत सोडतो आणि जिवाणूचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. साधारण तासाभरात जिवाणू फुटतो आणि शंभराच्या आसपास नवे फेज बाहेर पडतात. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. फेज मात्र एकाचे शंभर, शंभराचे दहा हजार होतात. न्यूझीलंडमधील व्हाइटहेड आणि कॉक्स या संशोधकांनी १९३५ मध्ये चीजच्या विरजणातील या फेजची नोंद केली.

दूध तापवून ते मरत नाहीत का?

पाश्चरीकरणात दूध साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवतात. त्यात रोगकारक जिवाणू मरतात, पण अनेक फेज तग धरतात. चीज करताना सुटणाऱ्या निवळीतही ते असतात आणि तिच्या बारीक तुषारांबरोबर हवेतून पसरतात. त्यामुळे फेज पूर्ण हटवणे व्यवहारात जमत नाही. त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, एवढेच हाती उरते.

त्यासाठी निवळीची जागा विरजणापासून दूर ठेवतात. अनेक फेजना जिवाणूत शिरण्यासाठी कॅल्शियम लागते, म्हणून विरजण वाढवताना कॅल्शियम बांधून ठेवणारे फॉस्फेट वापरतात. शिवाय विरजणातले जिवाणूंचे वाण आलटून पालटून वापरतात, कारण एक फेज सहसा काही ठरावीक वाणांवरच हल्ला करू शकतो.

घरच्या विरजणात बहुधा अनेक वाण एकत्र नांदतात. एक मेला तरी दुसरा काम पुढे नेतो. कारखान्याला मात्र चव रोज सारखी हवी असते, म्हणून तो मोजकेच वाण वापरतो. हा एकसारखेपणा फेजच्या पथ्यावर पडतो.

जिवाणू स्वतः काय करतात?

डॅनिस्को या विरजण बनवणाऱ्या कंपनीतील रोडॉल्फ बारँगू, फिलिप होर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. योगर्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या जिवाणूवर त्यांनी फेज सोडले. जे जिवाणू वाचले, त्यांच्या डीएनएतील 'क्रिस्पर' या भागात फेजच्या डीएनएचे तुकडे नव्याने जमा झालेले दिसले. ते तुकडे काढले की संरक्षण जाई, घातले की परत येई. म्हणजे जिवाणू शत्रूची ओळख टिपून ठेवत होते आणि ती पुढच्या पिढीलाही देत होते.

याच यंत्रणेतून पुढे जनुक-संपादनाचे तंत्र आले. त्यासाठी एमान्युएल शार्पेंतिये आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांना परिचित असलेल्या सिकलसेल आजारावर या तंत्राने केलेल्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

चीजच्या टाकीतला सामना मात्र संपलेला नाही. फेजच्या डीएनएत एक अक्षर बदलले, तरी जिवाणूने टिपलेली ओळख कधी कधी निरुपयोगी ठरते. म्हणून फेजला दाद न देणारे वाण हाताशी आले, तरी डेअरीला निवळी तपासत राहावी लागते आणि राखीव विरजणे तयार ठेवावी लागतात.